पियानोनं गप्प बसायची जागा

चेलो

सुरुवातीला पियानो एकटाच येतो, पण अगदी थोडा वेळ. पाहुणे बसायच्या आधी सतरंजी अंथरावी, एवढंच त्याचं काम. मग चेलो येऊन बसतो आणि गायला लागतो. सतरंजीनं गायचं नसतं.

सुचितानं सतरंजी नीट अंथरली. गौतमचा चेलो गायला लागला. चार सूर झाले असतील नसतील, तिचा उजवा हात आपली जागा सोडून चेलोच्या मागे निघाला. चेलो चढला तिथे चढला, वळला तिथे वळला. आई बाजारात पोराच्या मागे चालते तसा.

गौतमनं गज खाली घेतला. बाकीचे तिघंही थांबले.

"मॅडम, हे माझंवालं आहे."

"माहीत आहे."

"मग तुम्ही कायले वाजवून राहिल्या?"

"हात गेला."

"हात गेला म्हणजे? तो तुमचाच आहे ना?"

व्हायोलावाला रोहित हसला. पहिलं व्हायोलिन वाजवणारी धनश्री हसली नाही. ती नागपूरला दातांची डॉक्टर. दुखतं कुठे हे तिला लवकर कळतं आणि ती तिथेच बोट ठेवते.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण सलग तिसऱ्या शनिवारी हेच होऊन राहिलं आहे. चेलो गायला लागला की तुम्ही त्याच्या मागे. दुसऱ्या भागात व्हायोला गायला लागला की त्याच्या मागे. आणि जिथे पियानोला काहीच नाही, तिथे तुम्ही स्वतःचं काहीतरी भरता."

"रिकामं वाटतं तिथे."

"रिकामंच ठेवलंय त्यानं. मुद्दाम."

तो म्हणजे द्वोर्झाक. त्याचं हे पियानो क्विंटेट जगभर लाडकं आहे. एक पियानो, दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो, आणि चार माणसांनी जेवायला बसावं अन् पाचव्यानं मध्येच गोष्ट काढावी तसा सगळा रंग. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी पांढुर्ण्यात हे पाच जण ते वाजवणार होते. पांढुर्णा जिल्हा झाला, नवी कार्यालयं आली, आणि कोषागारात बदली होऊन गौतम आपला चेलो घेऊन आला. नागपूरचे तिघं दर शनिवारी गाडीनं यायचे. सौंसरच्या शाळेत गाणं शिकवणारी सुचिता बसनं यायची. जागा हेमराजभाऊंची. त्यांनी पोरीसाठी घेतलेला जुना उभा पियानो घराच्या जिन्यात मावला नाही, म्हणून संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये क्रेटांच्या भिंतीला टेकून उभा होता. पोरगी शिकायला पुण्याला गेली. पियानो राहिला.

धनश्रीनं व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

"नागपूरला एक बाई आहेत. त्यांनी हे स्टेजवर वाजवलंय. मी त्यांना विचारून ठेवते. पुढच्या शनिवारी जमलं तर तुम्ही, नाही तर त्या."

दारातून हेमराजभाऊ बोलले.

"काय ठरवायचं ते ठरवा बाप्पा, पण आंबिया बहाराचा माल यायच्या आत आटपा. एकदा संत्रा आला की मले पियानो बी दिसत नाही अन् तुम्ही बी दिसत नाही."

पेटी

हात का जातो, हे तिला ठाऊक होतं. सांगून कुणाला पटलं नसतं, एवढंच.

सौंसरच्या भजन मंडळात ती शाळेत जायच्या वयापासून पेटीवर बसते. तिथे पेटीवाल्याला कुणी नियम शिकवत नाही, पण सगळ्यांना तो माहीत असतो. गाणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. तो जिथे जाईल तिथे त्याच्या अर्ध्या पावलामागे जायचं, आणि तो श्वास घ्यायला थांबला की ती जागा आपण भरून काढायची. सुराचा दिवा विझू द्यायचा नाही. ज्याची पेटी मध्येच गप्प बसते, त्याला लोक घरी जाताना विचारतात, झोप लागली होती का रे?

आणि गाणारे तिचे बाबा होते.

यशवंतराव तहसीलीतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. काळी तीनच्या पट्टीत गायचे. तरुणपणी त्या पट्टीत त्यांचा आवाज देवळाच्या पत्र्यावर जाऊन आपटायचा, असं लोक अजून सांगतात. आता तो वर जाताना थरथरतो. सूर निसटतो. निसटायच्या आत सुचिताचं बोट तिथे जाऊन बसलेलं असतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं बुवांनी सूर लावला. हे फक्त तिला माहीत आहे. निदान तिला तसं वाटतं.

पियानो ती नंतर शिकली, नागपूरला, रविवार रविवार जाऊन. बोटं पियानोची झाली. हात मात्र पेटीचाच राहिला.

पांढुर्णा ते सौंसर, खिडकीची जागा

कानात फोनच्या वायरी. पहिला शुमान. पाचही जण एकदम दार ढकलून आत—

"तिकीट, मॅडम."

—शिरतात, आणि पियानो त्यांच्या मधोमध बसतो तो क्वचितच उठतो. हे तिचं पहिलं प्रेम. का, ते आज कळलं. शुमानच्या क्विंटेटमध्ये पियानोला कुणी गप्प बस म्हणतच नाही. त्यानं ते बायकोला वाहिलं होतं, आणि ती पियानो वाजवणारी. बायकोला गप्प बस म्हणायची त्याची काय बिशाद.

फ्रांक. चौघं तारवाले चिडून बोलतात. मग पियानो एकटाच, हळू, समजूत काढल्यासारखा. ते पुन्हा चिडतात. हा पुन्हा समजावतो. एकानं बोलताना दुसऱ्यानं—

"मॅडम, थैली जरा वर घेता का? बकरीचं पिल्लू आहे माह्याजवळ."

—मध्ये पडायचं नाही. हे तिच्यानं झालं नसतं. चौघं भांडत असताना ती गप्प बसूच शकली नसती.

फारांक. हिचं नाव तिनं मागच्या महिन्यापर्यंत ऐकलं नव्हतं. पॅरिसमध्ये पियानो शिकवणारी बाई, म्हणजे मास्तरीणच. तिनं दोन क्विंटेटं लिहिली, आणि त्यात दुसऱ्या व्हायोलिनऐवजी तो दारात मावणार नाही एवढा मोठा डबल बास घेतला. पियानो खळाळून धावतो, खालून बास बैलगाडीसारखा येत राहतो. इतकं चांगलं आणि इतकं कमी लोकांना माहीत. सुचिताला फारांकबाईंचा राग आला नाही, तिला विसरलेल्या लोकांचा आला.

आणि मग, बस संत्र्याच्या बागांमधून जात असताना, फोरे. पहिलं क्विंटेट. पियानो सुरू होतो, नुसतं पाणी वाहतं तसा. त्या पाण्यावर दुसरं व्हायोलिन येतं, दबकत. मग एकेक जण येतो. पियानो वाहतोच आहे. तो थांबतच नाही.

ती ताठ बसली. बकरीच्या पिल्लानं तिच्याकडे पाहिलं.

ओसरीवर

मनकर्णा आत्या गवारीच्या शेंगा मोडत होती. सुचितानं फोन सुपाशेजारी ठेवला.

"हे ऐक."

आत्यानं ऐकलं. शेंगा मोडत राहिली. बराच वेळ.

"हा पेटीवाला आहे."

"कशावरून?"

"भाता सोडतच नाही."

"आत्या, हा खरंच चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. ती पेटीचीच मोठी बहीण."

"मंग! म्या काय म्हटलं?" आत्या खूश झाली. "आपलाच माणूस. जेवला का नाही कोण जाणे, असा वाजवून राहिला."

फोन

"गौतम, आपण फोरे घेऊ या का? द्वोर्झाकऐवजी?"

"आता? नमस्कार वगैरे काही नाही?"

"नमस्कार. घेऊ या का?"

"फोरे कोणी ऐकलेला नाही, मॅडम. पांढुर्ण्यात लोक पहिल्यांदा क्विंटेट ऐकायला येऊन राहिले. त्यांना पहिलं जेवण साधं द्यावं."

"त्यात पियानो थांबत नाही."

"अच्छा. म्हणून."

"म्हणून काय?"

"नोटेशन काढून पाहा. त्यातही जागा आहेत, जिथे चौघंच वाजवतात. कानाला वाटतं पियानो चालू आहे, कारण तो आत्ताच गेलेला असतो. प्रत्येक क्विंटेटमध्ये अशी जागा आहे. तुम्ही क्विंटेट बदलत राहिल्या तरी ती जागा समोर येईलच."

सुचितानं फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"मॅडम? तुम्ही थांबायला भिता का?"

"मी नाही भीत. मी थांबली तर तो पडेल."

"कोण पडेल? मी? मी कोषागारात आहे, मला पडायची परवानगी नाही."

ती हसली नाही. तो म्हणजे कोण, हे तिला तोंडातून गेल्यावर कळलं होतं.

गुरुवार

देवळात नेहमीचीच माणसं. तबल्यावर चिंधूकाका, टाळावर पाच-सहा जण, झील धरायला आत्या आणि तिच्या मागे बायका. यशवंतरावांनी डोळे मिटले आणि अभंग धरला. काळी तीन.

पहिल्या कडव्यात सुचिता त्यांच्या मागे चालली. दुसऱ्यातही. वर जाताना आवाज थरथरला, तिचं बोट तिथे आधीच होतं.

तिसऱ्या कडव्याला तिनं ठरवलं होतं. फक्त एक ओळ. तिला वाटलं, आपण बाबांना भर देवळात ढकलून देणार आहोत. मग वाटलं, शनिवारी आपल्याला जागा मिळावी म्हणून आपण हे करतोय, किती वाईट. मग ओळ आली, आणि विचार करायला वेळ उरला नाही. तिनं भाता सोडला. बोटं उचलली. पेटीत उरलेली हवा एकदा उसासली, आणि

.

.

यशवंतरावांनी एक डोळा उघडला.

त्यांनी पेटीकडे पाहिलं. गाणं थांबवलं नाही. आवाज वर जायला निघाला, अर्ध्यात अडखळला आणि तुटला. टाळ वाजत होते. चिंधूकाकांनी मान वर केली. बाबांनी पुन्हा सूर शोधला, मिळाला नाही, आणि मग ते खाली आले. एकेक पायरी. सुचिताचे हात मांडीवर एकमेकांना धरून होते. उठू नका, ती हातांना म्हणत होती. बसा.

बाबा खाली एका जागी टेकले, आणि तिथून ओळ पुन्हा म्हणाले. मनकर्णा आत्यानं, भाऊ जिथे होता तिथेच झील उचलली. बायकांनी तिच्या मागून. आणि त्या खालच्या जागेवर यशवंतरावांचा आवाज उघडला. थरथर नाही. ओढ नाही. रुंद, थोडा खरखरीत, म्हाताऱ्या माणसाचा आवाज, जो सुचितानं कधी ऐकलाच नव्हता, कारण तिनं त्याला तिथे कधी जाऊच दिलं नव्हतं.

तिनं एका बोटानं हळूच चाचपलं. काळी एक. तिथे भाता धरला आणि आत शिरली.

चपला

"पेटी बिघडली का वो, बाई?" चिंधूकाकांनी विचारलं.

"नाही काका. मी थांबली होती."

"थांबली होती!" काका चपलेत पाय घालता घालता थबकले. "माह्या तबल्याले तं घाम फुटला."

यशवंतराव गल्लीच्या वळणापर्यंत काठी टेकत चालले. मग म्हणाले, "सुची, कायले थांबली तू?"

"पाहत होती, बाबा."

"काय?"

"तुम्ही पडता का ते."

"अन्?"

"पडले ना."

यशवंतराव उभे राहिले. ते रागावतील असं तिला वाटलं. ते गळ्यावरून हात फिरवत होते.

"पडलो तं खाली बरं वाटलं बाप्पा. ते काळी तीन माह्या गळ्याले किती वर्षांची काचून राहिली."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? तुहा हात तिथं बसलेला. म्हटलं पोरीले तेच पट्टी आवडते. खाली उतरलो तं तिले वाईट वाटन."

"बाबा, मी तर तुमच्यासाठी धरून बसली होती!"

"माह्यासाठी?"

"तुमचा सूर जाऊ नये म्हणून!"

मनकर्णा आत्या मागून येत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"दोघं बी येडे. एक जण शिडी धरून उभी, दुसरा शिडीवर चढून उभा. अन् माळ्यावर कोणालेच जायचं नाही."

यशवंतराव हसायला लागले. हसता हसता खोकले. सुचितानं त्यांचा कोपर धरायला हात पुढे केला. मग मागे घेतला. त्यांचं त्यांना खोकू दिलं.

शनिवार

शेडमध्ये नवे खोके आले होते, कोरे, अजून न जोडलेले. आता भिंतीवरून आवाज जरा मऊ परतत होता.

"सुरू करू?" धनश्री म्हणाली. बाकी काही नाही.

सुचितानं सतरंजी अंथरली. चेलो आला. उजवा हात निघायला झाला, बोटं ताणली गेली, तिला ते मनगटापर्यंत जाणवलं. तो गेला नाही. आपल्या ठरलेल्या सुरांवर राहिला.

आणि तिला चेलो ऐकू आला.

म्हणजे आजवर ती त्याच्या इतकी जवळून चालत होती की तिला त्याची फक्त पाठ दिसत होती. आता कळलं, वरच्या सुराला पोचायच्या आधी गौतम किंचित रेंगाळतो. उंबऱ्यावर माणूस रेंगाळतो तेवढा. मागे कुणी चिकटून उभं असेल तर उंबऱ्यावर रेंगाळता येत नाही. तीन शनिवार तो धक्का लागल्यासारखा आत जात होता. आज रेंगाळला, आणि मग गेला. लगेच सगळे एकदम कडाडले. ती त्यांच्यासोबत कडाडली, तिचं तिथे काम होतं म्हणून.

दुसरा भाग. व्हायोला गायला लागला आणि तिचा हात दोन सूर त्याच्या मागे गेलाच. तिनं तो परत आणला.

"दोन सूर माफ," रोहित वाजवता वाजवता पुटपुटला.

मग ती जागा आली. पियानोला काही नाही. कागदावर नुसती विश्रांतीची खूण. तिनं हात मांडीवर घेतले. वाट पाहिली, आता सूर विझेल. विझला नाही. चौघांनी तो आपापसात धरला होता. दुसऱ्या व्हायोलिनवाल्या विनायकनं तर तिच्याकडे पाहून भुवया उडवल्या, बघा, आम्ही आहोत. बाहेर एक ट्रक मागे घेत होता आणि हेमराजभाऊ त्याला ओरडत होते, अबे हॉर्न नको वाजवू, आत बाजा चालू आहे. सुचिता बसून ऐकत होती. आपण ज्यात वाजवतोय तेच ऐकायला मिळणं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. तिला इतकं आवडलं की परत शिरायची जागा थोडक्यात चुकली असती.

भाग संपला. धनश्रीनं व्हायोलिन खाली घेतलं.

"शेवटी तुम्ही घाई केली."

"हो."

"आणि पेडल जास्त झालं."

"हो."

"गौतम, तू पण. वरच्या सुराला इतका वेळ? गाडी सुटेल आमची."

"आज मला कोणी ढकललं नाही," गौतम म्हणाला. "त्याचा फायदा घेतला."

धनश्रीनं फोन काढला. सुचितानं पियानोच्या पट्ट्यांकडे पाहिलं, पांढऱ्या, काळ्या, कोपऱ्यात एक पिवळी पडलेली.

"नमस्ते मॅडम, धनश्री बोलते. त्या रविवारचं... नाही, वाजवायला नको. आमच्या पियानोवाल्या आहेत. हो, सौंसरच्या. तुम्ही नुसत्या ऐकायला या ना. हो, गाडी आहे, सकाळची."

फोन ठेवून ती सुचिताकडे वळली. पुन्हा दाताच्या डॉक्टरसारखी.

"मी तुम्हाला चांगलं म्हटलेलं नाही अजून."

"मी ऐकलं नाही काही," सुचिता म्हणाली.

गौतमनं पिशवीतून कागद काढले, नवे छापून आणलेले, आणि पियानोवर ठेवले. "फोरे. पुढच्या वर्षासाठी. मॅडमच्या हट्टापायी."

दारातून हेमराजभाऊंचं डोकं आत आलं. "पुढचं वर्ष? म्हणजे हा डब्बा इथंच राह्यते का?"

"भाऊ, तुमचाच आहे तो."

"म्हणूनच विचारून राहिलो!"

विनायक म्हणाला, "आधी हे संपवा. तिसरा भाग कोणाला पाठ आहे?"

कुणालाच धड पाठ नव्हता. चौघांनी पानं उलटली, गज उचलले, आणि एकमेकांकडे पाहायला लागले, कोण खूण देणार. धनश्री द्यायची नेहमी. आज तिची हनुवटी व्हायोलिनवर होती आणि नजर पियानोकडे.

सुचितानं हात पट्ट्यांवर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेतला.